हिदायेत एफेंदींचा शब्द

सकाळी माळी क्योश्कचं दार ढकलून आत गेला आणि ओरडतच बाहेर आला.

क्योश्क म्हणजे बॉस्फरसच्या काठी, बागेच्या टोकाला सुलतानाने हवा खायला बांधलेला लाकडी मंडप. त्याच्या मधल्या भिंतीवरची ट्यूलिपच्या नक्षीची जुनी, मोलाची रंगीत फरशी कुणीतरी उचकटून नेली होती. खाली गुलाबी चुन्याचा चुरा पडला होता. आणि क्योश्कचे म्हातारे राखणदार हिदायेत एफेंदी बेपत्ता होते.

"किल्ली त्यांच्याकडेच," हवालदार म्हणाला. "आता आणखी काय शोधायचं?"

इन्स्पेक्टर म्यूजगानने हुंकार भरला. तिलाही तसंच वाटत होतं.

राखणदाराच्या खोलीत त्यांचा पुतण्या तुनजाय होता. जन्म जर्मनीतल्या कोलोनचा, सुट्टीला आलेला. त्याने चहाचा पेला पुढे केला.

"काका शेवटचे कधी दिसले?"

"सकाळी. मी अंथरुणातच होतो. कोट चढवला आणि म्हणाले, 'किऑस्कवरून पेपर घेऊन येतो.'"

"हेच शब्द?"

"माझ्या कानांनी ऐकले, बाई. अगदी हेच."

"तुम्ही क्योश्कमध्ये गेला होतात?"

"आल्या दिवशी काकांनी दाखवला. नंतर पाऊल टाकलं नाही. भिंतींत काय बघायचं?" त्याने आवाज खाली आणला. "सांगू नये, पण काका हल्ली फार गप्प असायचे. मनात काय चाललं होतं, देव जाणे."

पेला घेताना म्यूजगानची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखांच्या कडेला गुलाबी रेघ होती.

बोटींच्या धक्क्यावरच्या पेपरच्या टपरीवाल्या शाकीरने मान हलवली. "आज आले नाहीत. नाहीतर लांबूनच ओरडतात, 'शाकीर, तुझ्या ब्यूफेचं छप्पर अजून उडालं नाही का रे?'"

"बोटीने पळाले असतील?"

"हिदायेत एफेंदी? त्यांना बोट लागते हो! पलीकडे सख्ख्या बहिणीचं लग्न होतं, तरी गेले नाहीत."

म्यूजगान तडक मागे फिरली. तुनजाय बॅगेची चेन लावत होता.

"एवढ्यात निघालात? बरं, एक सांगा. पेपर-सिगारेटच्या टपरीला तुम्ही काय म्हणता?"

"किऑस्क. का?"

"आणि तुमचे काका?"

तो पुन्हा चेन ओढू लागला.

"मी सांगते. ते ब्यूफे म्हणतात. आमचा 'क्योश्क' हा शब्द कधीकाळी युरोपात गेला. तिथे त्याचा बागेतला मंडप झाला, मग बँड वाजवायचा चौथरा झाला, आणि शेवटी कोपऱ्यावरची टपरी, तुमचं किऑस्क. तुम्ही त्या टपरीवर चॉकलेटं घेत लहानाचे मोठे झालात. पण ज्याचा जन्म क्योश्कची राखण करण्यात गेला, तो माणूस पेपर आणायला किऑस्कवर कशाला जाईल? ते वाक्य काकांचं नाही, तुनजाय. तुम्ही रचलेलं आहे."

"एका शब्दावरून माणसाला आत टाकता?"

"शब्दावरून नाही. हात पुढे करा. फरशीमागे असतो तो विटांची पूड घातलेला गुलाबी चुना तुमच्या नखांत आहे. पहाटे किल्ली चोरलीत, फरशी काढलीत. काका मागून आले असणार. म्हातारा पेपर आणायला धक्क्याकडे गेला असं सांगितलं, की आम्ही त्यालाच चोर समजून बोटी धुंडाळणार, असा हिशेब होता ना? काका कुठे आहेत?"

तुनजाय बॅगेवरच बसला. "मारलं नाही मी! देवाशपथ! क्योश्कमागच्या, बर्फ साठवायच्या जुन्या तळघरात कोंडलंय. रात्रीच्या विमानात बसलो की फोन करून सांगणार होतो."

हवालदाराने बॅग उघडली. स्वेटरमध्ये गुंडाळलेली फरशी निघाली, एक कोपरा उडालेला.

तळघराची कडी काढल्यावर हिदायेत एफेंदी भिंत धरत वर आले. थंडीने ओठ निळे पडले होते. म्यूजगानने आपला कोट त्यांच्या खांद्यांवर घातला. गाडीत बसवलेल्या पुतण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"बाई, फरशी मीच चोरली असं वाटलं असेल ना सगळ्यांना?"

हवालदार खाली बघू लागला.

"तुम्हालाही?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"हो," म्यूजगान म्हणाली. "मलाही."

म्हाताऱ्याने मान डोलावली, खांद्यावरचा कोट काढला, नीट घडी घालून तिच्या हातात दिला आणि तो कुडकुडत एकटाच क्योश्ककडे चालू लागला.