पोळपाटावरचा लॅपटॉप

वर्षाराणीला खरं तर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात जायचंच नव्हतं. तिचं नेहमीचं दुकान शेजारचं. पण त्याच्या शटरवर 'तिरुपतीला गेलो आहे' अशी पाटी लोंबत होती, आणि कुणी तिरुपतीहून परतेपर्यंत दम धरणाऱ्यांतला तिचा राग नव्हता. म्हणून ती पुढच्या दारात शिरली. नांदेडच्या वजिराबादेतली माणसं अजून सांगतात, की ती शिरली तेव्हा समोरच्या रसवंतीतला भुशात पुरलेला बर्फ आपणहून पाणी पाणी झाला. रसवंतीवाल्यानं तशी शपथ घेतलेली आहे, आणि तो बर्फाच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाही.

"हा घ्या," असं म्हणून तिनं लॅपटॉप काउंटरवर आदळला. "अडकतो."

काउंटरमागच्या तरुणानं दातात धरलेला स्क्रू काढला. "कधी अडकतो?"

"त्याच्या मनाला येईल तेव्हा. माऊस हलत नाही, बटणं चालत नाहीत. ढिम्म!"

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"असं आदळल्यापासून तर न्हाई ना?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर शटर ओढून घरी गेला असता. हा संगमेश जळकोटचा. पुण्यात इंजिनीअरिंग शिकून, तिथं दोन वर्षं साहेबाची बोलणी खाऊन, इथं स्वतःचं दुकान टाकलेला. बोलणी खायची सवय जुनीच.

"नाव काय लिहू?"

"वर्षाराणी."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग बाहेर, ऑक्टोबरच्या उन्हात फुटाण्यासारख्या फुटणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. "वर्षा... राणी."

"हसलात का?"

"न्हाई मॅडम. घाम पुसला."

आता एका लॅपटॉपसाठी एवढा संताप कशाला, असं कुणालाही वाटेल. 'नवाच घे की' म्हणणारेही पुष्कळ होते. पण तो तिच्या पहिल्या पगाराचा, आणि एका डबड्यापुढे हार मानणं तिच्या कुळात नव्हतं. शिवाय गोष्ट नुसत्या डबड्याची नव्हतीच. पुण्यातल्या एका कंपनीत विम्याचे दावे तपासायचं काम ती नांदेडात, श्रीनगर भागातल्या घरात बसून करायची. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, की येत्या सोमवारच्या मोठ्या मीटिंगमध्ये एकदा जरी अडकलीस, तर पुण्याला यायचं आणि ऑफिसात बसायचं. वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. आई, शरणम्मा, मूळची देगलूरची. ती पुण्याला जायचं नाव काढू देईना. "तिथं भाकरी विकत आणतेत म्हणे!" एवढं बोलून तिनं तो विषय कायमचा मिटवला होता. आणि आईला एकटी टाकून जाण्यापेक्षा वर्षाराणीनं नोकरीला लाथ मारली असती. पण मग घर चालणार कशावर?

संगमेशनं लॅपटॉप दिवसभर चालवून बघितला. कुठं अडखळला नाही की रुसला नाही. "ठणठणीत हाय," म्हणून परत दिला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये वर्षाराणी तावातावानं काही सांगत होती, आणि नेमका तेव्हाच तो ढिम्म झाला. पुण्यातल्या पडद्यांवर ती तशीच राहिली – तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, बोट वर. संध्याकाळपर्यंत तिकडच्या मंडळींनी त्या चेहऱ्याचं स्टिकर करून टाकलं.

ती दुकानात आली ती ऑटो पुरता थांबायच्या आतच उतरून. "ठणठणीत म्हणालात ना?"

"चालू करा."

चालू केला. पळायला लागला गडी – जसा शाळेत साहेब तपासणीला आल्यावर वर्ग शहाणा होतो, तसा.

"बघा!" संगमेश म्हणाला.

"तुमच्यासमोर सोंग करतो हा! घरी गेला की मरतो!"

त्यानं पोटावरचं छोटं झाकण उघडून रॅम बदलली. घरी जाऊन अडकला. त्यानं जुनं सगळं पुसून विंडोज नवी टाकली. घरी जाऊन अडकला. मग त्यानं डोकं खाजवत तिच्या घरच्या लाईटवर संशय घेतला.

"आमच्या लाईटला नाव ठेवायचं काम नाही!" वर्षाराणी कडाडली. "आमच्या लाईटवर शेजारचे पिठाची गिरणी चालवतात, आम्हाला न विचारता!"

शेवटी त्याचाही तोल सुटला. "सहा सहा तास चालवून बघून राहिलो ना मी! एकदा माझ्यासमोर अडकवून दाखवा! मी काय देवऋषी हाय, न दिसलेलं भूत काढायला?"

"सोमवारी अडकला तर पुण्याला जाऊन बसावं लागेल मला! भूत काढता येत नाही तर पाटी कशाला लावली?"

"कॉम्प्युटरची लावली! भुताची न्हाई!"

भांडण एवढं रंगलं की रसवंतीत बसलेल्या गिऱ्हाइकांनी दुसरा ग्लास मागवला. या सगळ्या आगीत वर्षाराणीच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. ती आली की संगमेश भांडता भांडताच टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवायचा. स्वतः घामानं निथळायचा. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरून ओघळ भुवईत थांबलेला...

"पंखा इकडं कशाला फिरवला?" तिनं दरडावून विचारलं.

"लॅपटॉप तापतो ना... म्हणून."

"लॅपटॉप तिकडं आहे."

तो पंख्याकडे बघत राहिला. "हाव," एवढंच म्हणाला, आणि पंखा तसाच राहू दिला.

तिला आणखीच राग आला. आपल्याला नेमका कशाचा राग आला, हे कळेना म्हणून तर फारच आला.

सोमवार उजाडला. मीटिंग दुपारी. सकाळीच संगमेश हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा. "आज मी हात लावणार न्हाई. तुम्ही रोज बसता तसं बसा. मी बघत बसतो."

"बघत बसणार?"

"लॅपटॉपकडं, मॅडम."

शरणम्मानं त्याच्यापुढं मुरमुऱ्यांच्या सुशील्याची ताटली ठेवली आणि माहेरच्या सवयीनं कन्नडमध्ये विचारून गेली, "ऊट आयतेनप्पा?" जेवलास का बाबा, एवढंच. पण त्यानं आजीकडून शिकलेलं "आयतव्वा" असं मऊ उत्तर दिलं, आणि म्हातारी विरघळली. मुरमुऱ्यांवर आणखी शेव पडली. वर्षाराणीला सुशीला मिळालाच नाही.

एक तास गेला. लॅपटॉप सुतासारखा सरळ.

"आता का नाही अडकत मेला!" तिनं टेबलावर हात आपटला. "मीटिंगमध्येच अडकतो! माझ्यावर डूख धरलाय यानं!"

"मग मीटिंग केल्यासारखं करा."

ती ताडकन उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि पोळपाट घेऊन आली. लॅपटॉपचा मागचा भाग उचलून तिनं पोळपाटाच्या कडेवर टेकवला.

संगमेशचा सुशीला खाणारा हात तोंडाशीच थांबला. "हे काय?"

"पोळपाट."

"ते दिसतंय हो... पण खाली कशाला?"

"कॅमेरा वर यायला! नाहीतर साहेबांना माझी हनुवटी आणि छताचा पंखा तेवढा दिसतो."

"तरीच," आतून शरणम्मा म्हणाली, "मीटिंग असली की आमच्या घरी पोळ्या न्हाईत."

संगमेश खुर्ची ओढून जवळ आला आणि त्यानं लॅपटॉपला कान लावला. त्याचं डोकं तिच्या कोपराशी आलं. केसांना साबणाचा वास. ती साहेबांशी बोलल्यासारखं काहीबाही बोलू लागली – दावे, तारखा, पाठपुरावा – पण आवाज का कापत होता, देव जाणे. आतला छोटा पंखा भणभणत होता. मग बारीक 'टिक' झालं. भणभण थांबली. पाचेक मिनिटांत लॅपटॉपचं पोट तव्यासारखं तापलं, आणि माऊस जागच्या जागी मेला.

"अडकला!" संगमेश खुर्चीवरून उडाला. "अडकला हो आई, अडकला!"

घरात पोरगा झाल्यासारखा त्याचा आनंद बघून वर्षाराणीला वाटलं, जगात या माणसाइतका राग आपल्याला कुणाचाच आला नसेल.

त्यानं लॅपटॉप बंद केला, उलटा केला, भराभरा स्क्रू काढले, खालचं अख्खं झाकण उचललं. पंख्याच्या पात्यांत तांदूळ होते. कुंकवानं लाल झालेले.

"अक्षता," संगमेश म्हणाला. "सपाट ठेवला की कोपऱ्यात पडून राहतेत. मागून उचलला की घरंगळून पात्यात येतेत. पंखा थांबतो, आतला भाग तापतो, आन् सगळं अडकतं. दुकानात नेताना ऑटोच्या धक्क्यानं परत कोपऱ्यात."

वर्षाराणी हळूहळू आईकडे वळली.

"माझ्याकडं काय बघतीस?" शरणम्मानं पदर खोचला. "मागच्या साली झाकणावर कुंकू लावलं तर केवढी ओरडलीस! डाग पडला म्हणून दोन दिवस बोलली न्हाईस. घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली, आन् जो घर चालवतो त्याला सोडायचं? म्हणून यंदा उलटा केला, पोटावर केली पूजा. तिथं चाळणीवानी जागा हाय. अक्षता टाकल्या तशा आत गेल्या. मला वाटलं, देवानं घेतल्या."

राग कुणावर काढावा हेच वर्षाराणीला कळेना. आईवर काढावा तर मूळ ओरडणं आपलंच. मग उरला एकच माणूस.

"पंखा पहिल्याच दिवशी का नाही उघडला?" तिनं संगमेशला धरलं. "शिकलेले आहात ना?"

तो चिमट्यानं दाणे काढत होता. मान वर न करता म्हणाला, "उघडणार होतो. रॅम बदलली त्या दिवशीच. पण तुम्ही समोर उभ्या राहून बोलत होत्या..."

"मग?"

"तुम्ही बोलायला लागल्या की... कुठला स्क्रू कुठं ठेवला, तेच कळत न्हाई मला."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वर्षाराणीनं एक पडलेला स्क्रू उचलून त्याच्या तळहातावर ठेवला, आणि बोट काढून घ्यायला जरा उशीर झाला.

मीटिंगच्या ऐन तोंडावर लॅपटॉप जोडून झाला. पोळपाटासकट ती साहेबांसमोर बसली. बोलली, भांडली, दोन दावे फेटाळले, एक मंजूर करून घेतला. पंखा अखंड भणभणत राहिला. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे, राहा नांदेडला."

ती धावतच ओसरीवर आली. "झालं! इथंच राहायचं!"

संगमेशचा चेहरा लग्नातून चप्पल चोरीला गेल्यासारखा. "अभिनंदन," तो म्हणाला. "मी... पुण्याला चाललो."

"कशाला?"

"नोकरी. तिथल्या एका सर्व्हिस सेंटरला शनिवारी हो म्हणून बसलो."

"आणि दुकान?"

"देतो कुणाला तरी."

"पण का?"

तो पिशवीचा बंद ओढत राहिला. "लॅपटॉप दुरुस्त होईना. म्हणजे तुम्ही पुण्याला जाणार, हे नक्कीच. मग म्हणलं... तिथंही तो अडकला, तर कुणाकडं नेणार तुम्ही?"

हे समजायला वर्षाराणीला एक क्षण लागला. मग जो राग आला, त्याच्यापुढं आधीचे सगळे राग म्हणजे भोंडल्याची गाणी. स्वयंपाकघरातलं दूध गॅस बंद असताना उतू गेलं. शरणम्मानं स्वतः पुसलं, तिला विचारा.

"माझ्यासाठी चाललास, आणि मला विचारलं नाहीस?"

"विचारायला तुम्ही कधी बोलू दिलं?"

"हे मातर खरं हाय," ओटा पुसता पुसता आतून आवाज आला.

"आई, तू गप! आणि तू... फोन लाव. आत्ताच. माझ्यासमोर. नाही म्हणून सांग."

संगमेशनं फोन लावला. स्पीकर तिनंच चालू केला.

"सर, मला जमणार न्हाई यायला," तो म्हणाला.

"अहो, शनिवारी तर हो म्हणालात! कारण काय?" पलीकडचा माणूस वैतागला.

संगमेशनं समोर बघितलं. नाकाचा शेंडा लाल, डोळ्यांत पाणी भरून आलेलं, मुठी आवळलेल्या... "घरच्यांना पसंत न्हाई, सर."

"घरचे म्हणजे आई-वडील ना? द्या त्यांना, मी समजावतो."

"आई-वडील न्हाईत... दुसऱ्या हायत. आन् तुम्ही नका बोलू, सर. लई चिडल्यात. माझं मीच बघतो."

"आता फोन ठेव," वर्षाराणी म्हणाली, "आणि बोल. मी ऐकून घेते."