दलदलीकडचा

डोक्यावर जाळी पडली तेव्हा मी आधी ती पाडणाऱ्याला चार शब्द सुनावले आणि मग वर पाहिलं. आधी पाहिलं असतं तर बहुधा सुनावलं नसतं.

दवाखान्याच्या खिडक्यांना तो डासांच्या जाळ्या बसवत होता. मी धाकट्या बहिणीच्या उशाशी होते. तिला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. आई-बाबा सख्खी आते-मामेभावंडं. घरातली मुलगी घरातच द्यायची, ही आमच्याकडची हौस. दोघांच्या रक्तात अर्धा-अर्धा दोष होता, तो हिच्या वाट्याला पूर्ण आला. माझ्या वाट्याला अर्धा. म्हणून आत्याच्या मुलाशी लग्नाला मी साफ नकार दिला, तेव्हापासून आत्या माझ्याशी बोलत नाही.

त्याच्या जाळ्या काही संपेनात. ओठांत स्क्रू धरून तो माझ्याकडे बघून हसायचा, आणि मी… मीही हसायचे. हा परका, लांबचा. याच्या बाबतीत धास्ती नाही, असं वाटायचं.

मग सहज गाव विचारलं. म्हणाला, दलदलीकडचं. तिथे दर वर्षी हिवतापाने माणसं जायची, म्हणून तर जाळ्यांचं काम शिकला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असा अर्धा दोष असलेली माणसं त्या तापातून तगतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दलदलीकडे हा दोष घरोघर उरतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने रक्त तपासायला बाही वर केली.

बाई म्हणाल्या, त्याच्यातही आहे. आणि आत्याने हट्टाने तपासून घेतलेला तिचा मुलगा? ठणठणीत! घ्या.

तो हत्यारांची पिशवी घ्यायला आला, तेव्हा मी म्हटलं, "जा तू. मी हिचे हाल रोज बघते. पुन्हा असं मूल नको."

"मूल नको तर नको. हवं असेल तर आधी तपासता येतं, बाई म्हणाल्या," तो म्हणाला. "पण मी… तुला विचारतोय."

मी पिशवी त्याच्या हातात दिली. बहीणच बोलली, हातातली सुई सांभाळत. "ताई, घाबरतेस तू. माझं नाव पुढे करून त्याला घालवू नकोस."

तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तो दाराशी पोचला होता.

"थांब," मी म्हटलं. "मला तू हवा आहेस."