कोलंबा सिस्टरचं ताट

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच बाबतीत घडलेली आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर दुसरं काहीतरी वाचायला मोकळे व्हा.

आणि यात रात्रीची वाट बघू नका. जे झालं ते भर दुपारी बाराला झालं, लख्ख उन्हात, मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

जागा छत्रपती संभाजीनगरातली छावणी. तिथं सिस्टर लोकांचं एक कॉन्व्हेंट आहे आणि त्याला लागून छोटा दवाखाना. नाव सांगणार नाही, कारण मी अजून तिथंच कामाला आहे.

मी ज्ञानेश्वरी. राहायला हर्सूलला. ख्रिश्चन नाही, आम्ही धनगर. तेवीस वर्षांपूर्वी माझ्या आईच्या, म्हाळसाबाईच्या, पायाला जखम झाली होती. मेंढरांमागं फिरून ती पार चिघळली. सोळा वर्षांची मी तिला घेऊन या दवाखान्यात आले. समोर पट्टी करायला एक उंच, गोरी म्हातारी बसलेली. मी घाबरून मोडक्यातोडक्या हिंदीत सुरुवात केली.

ती म्हणाली, "मराठीत बोल की. तुझी माय लई दिवस चाललीय ह्या पायावर, व्हय?"

ही कोलंबा सिस्टर. माल्टा नावाच्या कुठल्याशा बेटावरून तरुणपणी आली आणि इथलीच झाली. मराठी शिकली ती आमच्यासारख्या पेशंटांकडून, त्यामुळं बोलायची अगदी आमच्यासारखी.

आईचा पाय तीन महिन्यांत बरा झाला. मी मात्र तिथंच राहिले. आधी झाडलोट, मग स्वयंपाक, मग तिच्या हाताखाली पट्ट्या. तोंडावर मी तिला "सिस्टर, तुम्ही" म्हणायचे. मनात मात्र ती माझी "ती" होती. तिला चहात किती साखर लागते, गुडघा कधी दुखतो, सगळं मला ठाऊक. एकोणीस वर्षं असंच चाललं.

मग असुंता आली.

असुंता कुजूर. झारखंडची, अठ्ठावीस वर्षांची सिस्टर, शिकलेली नर्स. हात हलका, स्वभाव गोड. कोलंबा सिस्टरनं पहिल्याच महिन्यात तिच्या हातात पट्ट्यांची पेटी दिली. जी पेटी इतकी वर्षं मी उचलली, ती.

वर मलाच सांगितलं, "ज्ञाना, हिला मराठी शिकव. वाचायला सुदीक."

मी शिकवलं. हसून शिकवलं. पण माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू. दोघी मिळून पेशंटकडं निघाल्या की मी भाकरी थापता थापता तव्यावरची करपवून टाकायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोलंबा सिस्टर गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. बारा दिवस अंथरुणावर होती आणि शेवटच्या क्षणी तिच्याजवळ मी एकटीच होते. सगळ्या म्हणाल्या, ज्ञाना, तू भाग्यवान.

आता इथून पुढं नीट वाचा.

या सिस्टर लोकांत एक रीत आहे. त्यांच्यातली कुणी गेली की तीस दिवस तिची जेवणाची जागा तशीच ठेवतात. ताट, पाण्याचा ग्लास, ताटाशेजारी लाकडाचा लहान क्रूस. रोज सगळ्यांबरोबर तिचंही वाढतात. जेवणं झाली की ते अन्न फाटकावर जो भुकेला येईल त्याला देतात.

ते ताट वाढायचं आणि फाटकावर न्यायचं काम माझं होतं.

दुसरी रीतही सांगते. दुपारी जेवताना त्या बोलत नाहीत. एकजण पुस्तकातलं वाचते, बाकीच्या ऐकतात. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आपल्या शेजारणीला काय हवं ते आपण बघायचं. कुणाचं लक्ष नसलं की कोलंबा सिस्टर बोटातल्या अंगठीनं टेबलावर दोनदा वाजवायची. म्हणजे, बघा गं, कुणाचा तरी ग्लास रिकामा आहे.

ती अंगठी तिच्या बोटातच ठेवून तिला पुरलं होतं. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी जेवणं चालू होती. मी दाराशी भाताचं पातेलं घेऊन उभी. असुंतानं एकदम मान वर केली. उठली. समोरच्या सुपीरियरचा, म्हणजे आमच्या प्रमुख लिसी सिस्टरचा, ग्लास रिकामा होता. तो तिनं भरला.

नंतर भांडी आवरताना ती माझ्याजवळ आली. चेहरा पांढरा पडला होता.

"दीदी, तुम्ही ऐकलं?"

"काय?"

"टेबलवर... टक टक. दो बार. सिस्टरसारखं."

मी काहीच ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशीही... फक्त असुंताला. लिसी सिस्टर म्हणाल्या, दुःखानं असं होतं, प्रार्थना कर. बाकीच्यांनी मान हलवली.

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. नाही. मी जळाले.

बावीस वर्षं मी केलं आणि मेल्यावरही ती यायची ती असुंताकडंच? मी त्या ताटाच्या मागं जाऊन उभी राहायचे. कान देऊन. मनात म्हणायचे, सिस्टर, मी इथं आहे. एकदा माझ्यासाठी वाजवा. मला दुसरं काही नको होतं.

काहीच नाही. वाचणारीचा आवाज आणि चमचे.

घरी आईला सांगितलं. आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिचा धाव्वा कधी हाय?"

"त्यांच्यात दहावा नसतो, आई."

"नसंना का. तू तर आमच्यातली हाईस. कावळ्याला ठिवून बघ. तिच्या मनात काय राह्यलं आसंल तर कळंल. पर बोलावं लागतं बरं का. तिची इच्छा तोंडानं बोलल्याबिगर न्हाय शिवत तो."

दहाव्या दिवशी मी तेच केलं.

फाटकावर एक म्हातारा येऊन बसला होता. त्याला म्हटलं, "बाबा, थांबा जरा." आणि त्याच्या वाट्याचं ते ताट घेऊन मी मागच्या अंगणात गेले. भात, डाळ, दुधीची भाजी, पावाचा तुकडा. कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. बाराची घंटा होऊन गेली होती, बाकीच्या चॅपलमध्ये होत्या. जेवणाआधीच मी ताट पळवलं होतं, हेही सांगून टाकते.

लिंबाच्या झाडावर कावळे होते. बरेच.

पण आवाज नव्हता. एकही कावळा ओरडत नव्हता.

मी हात जोडले. "सिस्टर, दवाखाना नीट सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"तुमच्या थडग्यावर दर रविवारी फुलं ठेवीन."

नाही.

"असुंता सिस्टरला त्रास देणार नाही. पाठच्या बहिणीसारखी बघीन."

नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं... कावळे ताटाकडं बघतच नव्हते.

सगळ्यांच्या चोची एकाच बाजूला होत्या. माझ्या मागं. मी वळून पाहिलं. मागं आजाऱ्याच्या खोलीची खिडकी होती. कोलंबा सिस्टर गेली ती खोली. त्या दिवसापासून तिला कुलूप होतं.

मी लगेच नजर फिरवली. कारण तिची इच्छा काय राहिली होती, ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती गेली त्या सकाळी तिनं डोळे उघडले. मी हात धरून बसले होते. मला वाटलं, आता माझं नाव घेईल.

ती म्हणाली, "असुंताला बोलाव."

असुंता समोरच दवाखान्यात होती. अंगण ओलांडायचं, वीस पावलं. मी "व्हय" म्हणून बाहेर आले. पडद्यामागं उभी राहिले. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग आत जाऊन सांगितलं, "ती हर्सूलला पेशंट बघायला गेली, सिस्टर."

ती दाराकडं बघत राहिली. अजून तीनदा नाव घेतलं. मी हात घट्ट धरून ठेवला. मग बाराची घंटा झाली. ती थांबली तेव्हा सिस्टर गेली होती.

एवढंच. कुणाला कळलं नाही. त्या शेवटच्या वेळेत मला वाटेकरी नको होता.

भिंतीपाशी उभी राहून हे बोलायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं.

"दीदी?"

असुंता अंगणात उभी होती. हातात मोजे तसेच, चॅपलला न जाता पट्टी करताना उठून आलेली.

"तुम्ही मला बोलावलं?"

"नाही."

"कोणीतरी बोलावलं. माझं नाव घेऊन. तीन बार." तिनं खिडकीकडं हात केला. "तिकडून."

खिडकी बंद होती. काचेवर धूळ.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दीदी, सच बोला. त्या दिवशी... सिस्टरनं मला बोलावलं होतं का?"

एक शब्द बोलायचा होता. हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण तिचा तो आशेचा चेहरा मी पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेलं माणूससुद्धा हिलाच हाका मारतंय.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

ती हळूच "ठीक है" म्हणाली. मग म्हणाली, "माझीच चूक. पेशंट पेशंट करत राहिले. सकाळी भेटायला गेले नाही."

त्याच क्षणी सगळे कावळे उडाले. एकदम. पंखांचा आवाज झाला, ओरडणं नाही.

मी ताट उचललं. भाताचं शीत हललेलं नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन, भिंतीवर मुंग्यांची रांग चाललेली... पण ताटाला मुंगीसुद्धा लागली नव्हती. फाटकावर गेले तर म्हातारा निघून गेला होता. ते अन्न मी मातीत पुरलं.

त्या दिवसापासून असुंताला टेबलावर काही ऐकू आलं नाही. ती वाट बघायची, मला दिसायचं. घास हातात धरून थांबायची. हळूहळू तिची तब्येत उतरली. सिस्टर आपल्यावर नाराज होऊन गेली, असं तिच्या मनानं घेतलं. तीस दिवस झाले, ताट धुऊन कपाटात गेलं. डिसेंबरात तिनं स्वतःहून बदली मागितली आणि गुमल्याला, तिच्या मुलखात, निघून गेली.

रिक्षात बसताना माझ्या गळ्यात पडली. "दीदी, तुम्ही तरी होता तिच्याजवळ," म्हणाली.

मला आनंद झाला होता. लाज वाटते, पण झाला होता. पट्ट्यांची पेटी पुन्हा माझ्या हातात आली.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होते. बाराची घंटा झाली. घंटा थांबली...

आणि माझ्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"असुंताला बोलाव की गं, ज्ञाना."

हातातली पळी खाली पडली. मागं कुणी नव्हतं. लिसी सिस्टर धावत आल्या, काय झालं म्हणून. त्यांनी फक्त पळीचा आवाज ऐकला होता.

तेव्हापासून रोज. बाराची घंटा थांबली की. तोच आवाज, तेच शब्द, जराही राग नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारते. मग थोडा वेळ थांबते. ती थांबलेली मला कळते, श्वास लागतो मानेला. मग जाते.

आईला सगळं सांगितलं. आई चिडली. "फोन कर त्या पोरीला! आत्ताच्या आत्ता कर. दोघीबी सुटतील."

असुंताचा नंबर माझ्याकडं आहे. सणासुदीला तिचा मेसेज येतो, मराठीत लिहिते, मी शिकवलेल्या अक्षरांत. अनेकदा नंबर काढला आणि बाजूला ठेवला.

भीती वाटते का? वाटते. बारा वाजायला आले की हात गार पडतात.

पण खरं कारण भीती नाही. मी सांगून टाकलं तर ती असुंताकडं जाईल. गुमल्याला. मग बाराची घंटा होईल आणि माझ्या कानाशी कुणीच बोलणार नाही.

आज सकाळीही नंबर काढला होता. घंटा झाली तशी मी फोन उलटा ठेवला आणि ती यायची वाट बघत बसले.