बारावी काच

मनकर्णेनं कानिफनाथला आधी काचेवर पाहिलं, माणूस म्हणून नंतर. कोल्हारच्या सरकारी दवाखान्यात ती रक्त तपासायची. साल बहात्तर, प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू, गावात डास औषधालाही सापडेना… आणि ह्या पठ्ठ्याच्या रक्तात हिवताप!

"कुठून आणलात हो हा?" तिनं विचारलं.

"आसामातनं, बाई." घोंगडीत कुडकुडत तो हसला. "डोंगरात रस्त्याच्या कामाला रोलर चालवत हुतो. तिकडं पाऊस थांबतच न्हाई… आन् डास तर लई मायाळू, सोडतच न्हाईत."

नियम असा, की पाच दिवस गोळ्या खायच्या आणि पुढं वर्षभर दर महिन्याला रक्त द्यायचं. बारा काचा स्वच्छ निघाल्याचा दाखला आणला, तरच नोकरीवर परत घेऊ, असं त्याच्या साहेबांनी लिहिलं होतं. तोवर तो इथल्या दुष्काळी कामावर रोलर चालवू लागला.

मनकर्णा खर्ड्याची. वडील तिकडं, इथं तिचं कुणी नव्हतं. भाड्याची खोली, एक स्टोव्ह, एक ताट. दिवसभर एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकातून लोकांचं रक्त बघायचं आणि संध्याकाळी स्वतःशीच बोलत भाकरी थापायची. लोक बोट पुढं करत नि तोंड फिरवत. कानिफनाथ मात्र तिच्याकडंच बघत राही.

"दुखत नाही का?"

"दुखतंय की. पर सुईकडं बघितल्यावर दुखतं… तुमच्याकडं बघितल्यावर न्हाई."

"गप्प बसा! बोट हलतंय."

"बोट न्हाई हालत, बाई— तुमचा हात हालतोय."

खरंच हलत होता. मेल्याला कळलं कसं, म्हणून ती दिवसभर स्वतःवरच चिडली. महिन्यातून एकदा, जेमतेम दहा मिनिटं! बाकीचे दिवस ती खोली तिला खायला उठे.

आणि मग बारावी काच आली.

रक्त देऊन तो कामावर गेला, दाखला न्यायला संध्याकाळी येणार होता. तिनं काचेला रंग दिला, डोळा लावला. स्वच्छ! आनंद व्हायला हवा होता. तिनं काच काढली, भिंग पुसलं, काच पुन्हा लावली. एक तरी जंतू सापडू दे रे देवा… आणि मग तिची तिलाच इतकी शरम वाटली! माणसाच्या अंगात ताप असावा म्हणून कुणी देवाला साकडं घालतं का? नोंदवहीत एक खोटी खूण केली असती तर तो राहिला असता. तिनं 'जंतू आढळले नाहीत' असं लिहिलं आणि सही केली.

"सुटलात एकदाचे," दाखला देताना ती म्हणाली. आवाज कोरडा ठेवायला गेली, पण तो भलताच ओला निघाला.

"एखादा तरी सापडायचा हुता…"

"मी शोधला," तिच्या तोंडून निसटलं. "दोनदा. नव्हता हो—"

कानिफनाथनं दाखला परत तिच्यापुढं धरला. "जाऊ नगा म्हना. न्हाई जात."

"वेडेपणा करू नका. हे दुष्काळी काम उद्या बंद पडेल, मग? ती पक्की नोकरी आहे. जा." तिनं गोळ्यांची पुडी त्याच्या हातात कोंबली. "दर रविवारी दोन, म्हणजे तिकडं पुन्हा ताप यायचा नाही. आणि घेतल्या की कार्ड टाका. नाहीतर मला इथं झोप लागायची नाही."

कार्डं येऊ लागली. उघडं कार्ड, पोस्टमन बन्सीनं आधी वाचलेलं. नऊ आठवडे एकच ओळ: 'गोळ्या घेतल्या.'

"ह्ये सरकारी काम हाय व्हय, बाई?"

"हो," ती म्हणे, आणि कार्ड उशीखाली ठेवी.

दहाव्या आठवड्यात कार्ड आलं नाही. अकराव्यातही नाही. तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिकडं तापात पडला असेल, पाणी तरी कोण देत असेल? खोलीत भाकरी करायचीसुद्धा तिनं सोडून दिली.

बाराव्या आठवड्यात बन्सी सायकल तशीच टाकून आत आला आणि लाजबिज न बाळगता मोठ्यानं वाचू लागला, "'गोळ्या घेतल्या. दरड कोसळून रस्ता बंद होता, म्हणून कार्ड नाही. आईला कळवलंय. ती सोमवारी खर्ड्याला तुमच्या वडिलांकडं बोलणी करायला जाईल. पसंत नसेल तर तसं लिहा.' आता बोला, बाई! काय लिवायचं?"

मनकर्णेनं त्याच्याच पिशवीतलं एक कोरं कार्ड ओढून घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं:

'येताना ताप आणू नका.'