छतावरची चकती

या रे, बसा असे जवळ. ती खुर्ची नको घेऊस, तिचा एक पाय माझ्या गुडघ्यासारखाच आहे. सुट्टीतली गोष्ट सांगतो. तीन पोरांनी मोठ्यांची कशी जिरवली, ती. पण आधीच बजावून ठेवतो, शेवटी शाबासकी मिळते, तरी गोष्ट गोड नाही. चालेल? मग ऐका.

“डावीकडे घ्या! अहो बाबा, तुमचं डावं नाही, डब्याचं डावं!” लांब्या ओरडत होता.

“डब्याला कुठलं आलंय डावं-उजवं!” मोठे काका गाडीच्या खिडकीतून मान काढून खेकसले. डबा तळ्याकाठच्या झाडाला घासता घासता वाचला.

डबा म्हणजे ट्रेलर. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांचं घर. आत दोन पलंग, एक ओटा, एक नळ, आणि छताला हवेसाठी झाकणाची खिडकी. आजोबांनी तो घेतला तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे अर्ध्या चड्डीत होते. आता मुलांना टकलं पडली, तरी डबा धावतोय. फुकट नाही धावत. टायरची हवा, चाकांचे नट, गॅसची नळी, छताचे सांधे, सगळं दर वर्षी निघायच्या आधी तपासायचं आणि कपाटाच्या दारामागे टांगलेल्या वहीत सही करायची, हा आजोबांचा शिरस्ता. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. मग वही मुलांकडे आली.

धाकट्या मुलाची पोरगी म्हणजे पाना. वय अकरा. चालायला लागल्यापासून आजोबांच्या हातात पाना द्यायचं काम तिचं, म्हणून नाव पडलं पाना. लांब्या आणि चिमटी ही मोठ्या काकांची मुलं. लांब्या नावाप्रमाणे लांब, आणि चिमटी चिमटे काढायची म्हणून चिमटी.

डबा उभा राहिला. पानाने चाकं घरंगळू नयेत म्हणून अडण्या लावल्या, डब्याचे चारी पाय खाली सोडले आणि सवयीने मागे हात केला.

“आजोबा, बघा बरं, सरळ आहे का?”

आजोबा उठले नाहीत. डब्याच्या बाजूला ताणलेल्या कापडी चांदणीखाली घडीच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. “बाबांना विचार हं बाळा. मला नाही आता कळत.”

पानाने हात झटकले आणि ती डब्याकडे वळली. आत जाऊन बघते तर नळाला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘अण्णांनी हात लावू नये.’

अण्णा म्हणजे आजोबाच. त्याचं असं झालं होतं. गेल्या दोन्ही सुट्ट्यांत ओट्याखालची फळी ओली सापडली होती. अण्णाच नळ उघडा टाकतात, असं ठरून गेलं. आज नळ, उद्या गॅस! त्यांना घरी एकटं ठेवायचं कसं? वृद्धाश्रमात एक खोली बघून झाली होती. सुट्टी संपली की सोमवारी आजोबा तिकडे. आजोबा एवढंच म्हणाले होते, “तुम्ही म्हणाल तसं.”

दुपारी पावसाची एक जोरदार सर आली. अर्ध्या तासात थांबलीही. आणि डब्यातून काकूंची किंकाळी!

“परत! परत ओलं! अण्णा, पट्टी लावूनसुद्धा?”

सगळे धावले. ओट्याखाली हातभर थारोळं. चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी.

“मी... मी आत आलोच नाही बहुतेक,” आजोबा म्हणाले.

“बहुतेक!” बाबांनी कपाळावर हात मारला. “ऐकलंत? स्वतःलाच खात्री नाही!”

“पण बाबा,” पाना पुढे झाली, “टाकी भरणं माझं काम आहे ना? मी अजून भरलीच नाहीये! पाइप पेटीत गुंडाळून पडलाय. नळात पाणीच नाही, तर सांडेल कुठून?”

“पाना, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. जा, खेळा बाहेर!”

गेली पोरं बाहेर. पण खेळायला नव्हे!

“टाकी कोरडी, नळ बंद. मग पाणी काय आजोबांच्या खिशातून आलं?” चिमटी म्हणाली.

“पाणी वरून खाली येतं,” पाना म्हणाली. मोठी माणसं चहा घेऊन चांदणीखाली बसल्यावर ती हळूच आत शिरली. ओट्याखालच्या भिंतीवर बोट दाबलं, तर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मऊ! बोट वर सरकवत नेलं. ओट्याच्या मागे ओल. कपाटाच्या मागे ओल. आणि सगळ्यात वर, खिडकीच्या झाकणापाशी, काळा डाग.

“छत!”

मागच्या बाजूला लोखंडी शिडी होती. आजोबांचा नियम पक्का: खाली धरणारा असल्याशिवाय चढायचं नाही. पानाने शिडीचा एक पाय धरला, चिमटीने दुसरा.

“चिमटे, पोटरीला चिमटा काढलास तर वरून उडी मारीन!” म्हणत लांब्या चढला. शिडीवरूनच त्याने कडेपलीकडे मान नेली आणि पुढे वाकून हात घातला.

“काय रे? बोल की!”

“आपली चकती आहे इथं.”

“कुठली चकती?”

“नारिंगी. उडवायची. तीन वर्षांपूर्वी हरवलेली! खिडकीच्या झाकणाखाली घुसून गच्च बसलीये. आणि तिच्याखालचा सांधा फाटलाय, माझं अख्खं बोट जातंय आत!”

चिमटीचा चेहरा लालबुंद झाला. त्या वर्षी लांब्याने सगळ्यांना सांगितलं होतं की चिमटीने चकती तळ्यात घालवली. दोन दिवस कोणी तिला खेळायला घेतलं नव्हतं.

लांब्या सरसर खाली आला. कान खाजवत म्हणाला, “सॉरी, चिमटे. मी उगाच तुझं नाव घेतलं.”

“हं,” चिमटी म्हणाली. चिमटा काढला, आणि विषय संपला.

“चकती आणू काढून?”

“हात लावू नकोस!” पाना म्हणाली. तिने आत जाऊन कपाटामागची वही काढली, पानं उलटली, आणि तिचं तोंडच उतरलं. छताचे सांधे, तपासले. मोठ्या काकांची सही. छताचे सांधे, तपासले. परत काका. आणि या वर्षीची सही तिच्या बाबांची.

वही पाठीमागे धरून ती चांदणीखाली गेली.

“बाबा, छत कोण तपासतं?”

“आम्ही! दर वर्षी. वहीत सह्या आहेत.”

“वर चढून?”

“मग काय उडून?” मोठे काका हसले.

“सांध्यांना हात लावून? खिडकीचं झाकण उचलून?”

“अगं हो बाई! झाकण उचलल्याशिवाय सांधा दिसतो का?”

“मग आमची चकती का नाही काढलीत? तीन वर्षं त्याच झाकणाखाली आहे.”

काकांनी कप खाली ठेवला आणि ते शिडीकडे निघाले. पानाने वही पुढे केली. बाबांनी वहीकडे पाहिलं, मग पानाकडे, मग जमिनीकडे.

काका वर चढून आले. हात काळे, तोंडही काळंच. चकती टेबलावर ठेवून ते म्हणाले, “पाणी छतातूनच येत होतं.” मग एकदम मोठ्याने, “पण काय पोरं आहेत आपली! गुप्तहेर झाली की! शाबास!”

“आईस्क्रीम माझ्यातर्फे!” काकू म्हणाल्या. सगळे हसले. बाबांनी पानाच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोकं बाजूला घेतलं.

बाबा आत गेले आणि नळाची पट्टी ओढून काढली. तिच्याबरोबर ओट्याचा रंगही सोलून आला. बाहेर येऊन ते आजोबांना म्हणाले, “अण्णा, ते खोलीचं... राहू दे आता.”

“सापडलं ना? बरं झालं,” आजोबा म्हणाले.

पाना वाट बघत राहिली. लांब्याला कान खाजवायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याचं सॉरी म्हणून झालं होतं. इथं चहा संपला, आईस्क्रीम आलं, संपलं. तो शब्द काही कोणाच्या तोंडून निघाला नाही.

संध्याकाळी पानाने टाकी भरली. आजोबा स्वतः उठून आत गेले, कप धुतला, नळ बंद केला. आणि तिथेच उभे राहिले.

“पाना, बघ गं, मी बंद केला ना?”

“केला आजोबा.”

दोन पावलं चालून परत वळले. “नक्की ना? हात लावून बघ.”

पानाने हात लावून बघितलं. ज्या माणसाने तिला नट किती आवळायचा ते शिकवलं, तो तिच्या बोटांकडे बघत होता. “बंद आहे आजोबा. घट्ट बंद आहे.”

“हं. बहुतेक मीच केला असेल,” आजोबा म्हणाले, आणि परत मागे वळून बघितलं.

छताचा सांधा दुसऱ्या दिवशी दोन तासांत भरून झाला. पोरांनो, एवढं करा माझ्यासाठी. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस “मी नळ बंद केला होता” म्हणालं, तर हसू नका. आधी शिडी लावा, आणि छत बघून या.