जीवदारातलं विरजण

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजाच्या शिडीपाशी हल्ली सामानाआधी माणसं तपासतात. जगाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआया बंदराच्या धक्क्यावर त्यासाठी एक पांढरी कमान उभी आहे. तिला सगळे जीवदार म्हणतात. आत उभं राहिलं की भोवतीने वारा सुटतो, कपड्यांतली, केसांतली, बुटांच्या खाचांतली धूळ ओढून घेतो आणि त्या धुळीत जे जे जिवंत आहे त्याची जनुकं दार वाचून काढतं. मग समोरच्या भिंतीवर माणसाची आकृती उमटते. ती निळी असली तर चला जहाजावर. हिरवा ठिपका दिसला तर तिथे काहीतरी परकं जगतंय.

काही वर्षांपूर्वी कुणा प्रवाशाच्या मोज्याला चिकटून गेलेलं गवत तिकडच्या किनाऱ्यावर रुजलं आणि बघता बघता पेंग्विनांची एक अख्खी वसाहत तिथून उठून गेली. तेव्हापासून हे दार आलं.

संग्राम इंगवलेला हे सगळं पाठ होतं. आदल्या दिवशी हॉटेलात माहितीची बैठक झाली तेव्हा तो पहिल्या रांगेत बसला होता, आणि मागे बसलेल्या पुण्याच्या ग्रुपला कुणी न विचारता समजावूनही सांगत होता. जिवंत असं काहीही नेता येणार नाही, हे त्याने घरच्यांनाही बजावलं होतं.

तरी सकाळी खोलीतून निघताना त्याच्या आईने, शैलजाबाईंनी, सगळ्यांच्या हातावर दही ठेवलं. सून पल्लवीच्या, नात रेवाच्या आणि त्याच्या. प्रवासाला निघताना त्यांच्या घरात हे कधी चुकलं नव्हतं. दही कुठलं, असं त्याने विचारलं. आपलंच, आई म्हणाली, आणि त्याला सगळं कळलं. विरजण रोज नव्या दुधाला लावलं नाही तर मरतं. घरातली सगळी माणसं निघालेली, शेजारीपाजारी सगळे विकतचं दही खाणारे, मग सांभाळायला द्यायचं कुणाकडे? सासूकडून आलेलं विरजण आईने चाळीस वर्षं मरू दिलं नव्हतं. वाटेतल्या हॉटेलांतलं दूध घालत घालत ते तिने इथवर आणलं होतं. वाद घातला असता तर बस चुकली असती. संग्रामने हात चाटला आणि वर साखर नाही म्हणून कुरकुरही केली.

आईला ह्या सहलीत एकच गोष्ट हवी होती. मिरजेत त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि नवरा गेल्यावर तो तिने एकटीने चालवला होता. जन्मभर बर्फाच्या लाद्या विकल्या, आता कुणी न गोठवलेला बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचा होता. तिकिटं आली त्या दिवशी ती गल्लीभर सांगून आली होती.

हात धुऊन, चुळा भरून चौघं एकदमच जीवदारात उभी राहिली. वारा सुटला, थांबला. भिंतीवर चार निळ्या आकृत्या उमटल्या आणि आईच्या पोटापाशी हिरवा ठिपका दिसू लागला.

अधिकारी सोलेदाद नावाची मध्यमवयीन बाई होती. तिने कोट उघडायला लावला. आतल्या लोकरी कपड्यांतून रुमालात बांधलेली स्टीलची डबी निघाली. मागे रांगेत पुण्याचा ग्रुप, म्हणजे संग्रामचे कालचे विद्यार्थीच, उभा होता. कुणीतरी हळूच म्हणालं, दही आहे वाटतं. संग्रामचे कान तापले. परक्या माणसांपुढे एक वेळ चाललं असतं, पण आपल्या लोकांपुढे त्याला ते सोसेना.

तो पुढे झाला आणि सोलेदादशी इंग्रजीत बोलू लागला. आई म्हातारी आहे, शिकलेली नाही, तिला नियम कळत नाहीत. आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. घरी आम्ही हे कुणी खातही नाही, हे तिचं तिचंच खूळ आहे.

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आईच्या कानात दुभाषी आहे. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाला आणि धक्क्यावरच्या अधिकाऱ्यांनाही मिळालेलं ते शेंगदाण्याएवढं यंत्र, कुणी कुठल्याही भाषेत बोललं तरी ऐकणाऱ्याच्या भाषेत इमानेइतबारे सांगत असे, आणि तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात. आईला शब्दन् शब्द पोचला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, डबीकडे बघत होती.

सोलेदादने नियम सांगितला. चुकून आलं असेल तर वस्तू जाळायची आणि माणसाला पुन्हा स्वच्छ करून जाऊ द्यायचं. लपवून आणलं असेल तर ते माणूस धक्क्यावरच राहतं. डबी पोटाशी बांधलेली होती, हे तिला लपवणंच वाटत होतं.

“लपवलं नाही, बाई,” आई म्हणाली. “थंडीनं मरतं ते. ऊब लागते, म्हणून पोटाशी धरलं. तुम्ही बियांचं विचारलंत, मातीचं विचारलंत. दह्याचं कुणी विचारलंच नाही.”

बाकी कुणाला माहीत होतं का, असं सोलेदादने विचारलं. पल्लवी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, “ह्यांना काही माहीत नव्हतं. तो सांगतोय ना.”

संग्रामने ते खोडलं नाही. अजूनही त्याला लाज वाटत होती ती आईची.

सोलेदादपुढे वेगळाच पेच होता. डबीतले जिवाणू जीवदाराच्या कुठल्याच नोंदींशी जुळत नव्हते. ते घरून आले की वाटेत कुठे चिकटले, हे तिला ठरवायचं होतं. माणसाच्या पोटात असंख्य जीव राहतात. जीवदाराला ते श्वासावरून कळतात, पण दार त्यांना त्या माणसाचाच भाग धरतं आणि भिंतीवर दाखवत नाही. सोलेदादने दाराला तेही दाखवायला लावलं. चारही आकृत्यांच्या पोटात तोच हिरवा रंग पसरला. सगळ्यांत गडद संग्रामच्या पोटात होता.

“घरी कुणी खात नाही म्हणालात,” ती शांतपणे म्हणाली. “हे तर तुमच्यात लहानपणापासून राहतंय. मग ह्यातलं परकं कोणतं समजू मी?”

अख्खी रांग भिंतीकडे बघत होती. संग्रामला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. आईने भरवलेलं घेऊन तो उभा होता आणि तिलाच अडाणी म्हणत होता. आता त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती फार खोलवर गेली.

“मला माहीत होतं,” तो मराठीत म्हणाला. “सकाळी मी खाल्लंय ते. नियमही मला सगळ्यांत चांगले ठाऊक होते. आईनं काही लपवलं नाही. मी लपवलं.”

त्याच्यापाठोपाठ पल्लवीनेही सांगितलं की आम्हीही खाल्लं, पण ते कुठून आलं हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. सोलेदादने मान डोलावली आणि डबी भट्टीत टाकली. चाळीस वर्षांचं विरजण जळायला एक क्षण लागला. तिघींना स्वच्छतेच्या खोलीत नेलं आणि संग्रामला धक्क्यावरच्या बाकावर बसायला सांगितलं.

तू नाहीस तर मीही जात नाही, असं आई म्हणेल ही त्याला आशा होती. तशी आशा वाटल्याचीही त्याला लाज वाटली. आई तसं म्हणाली नाही. कानटोपी बांधून ती बाहेर आली, पल्लवी आणि रेवाला पुढे व्हायला सांगितलं आणि बाकापाशी येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“ती भिंत हिरवी झाली नसती,” तिने विचारलं, “तर बोलला असतास का रे?”

जहाजाचा भोंगा झाला तरी ती उत्तरासाठी तिथेच उभी होती.