फिट येतात का?

"फिट येतात का?" त्याने विचारलं.

तो तिच्या पायाशी एक गुडघा टेकून बसला होता आणि बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघत होता. ती मात्र काचेबाहेरच्या पावसाकडे बघत भलत्याच विचारात होती. मॅरेथॉन धावणार असं घरी जाहीर केल्यापासून हाच प्रश्न तिला डॉक्टरांनी, दोन काकांनी आणि आईच्या एका मैत्रिणीने विचारून झाला होता. त्यामुळे उत्तर तोंडात तयारच होतं.

"हो, लहानपणापासून. पण गोळ्या चालू आहेत. आता बरेच महिने आली नाही."

बूटवाल्याचा अंगठा होता तिथेच राहिला.

"मी... बुटांचं विचारत होतो."

"हां..." ती म्हणाली. "बूटपण येतात."

मग दोघंही हसली. तिच्या लक्षात आलं की तो शब्द ऐकून एक पाऊल मागे न सरकलेला हा पहिलाच माणूस. अर्थात गुडघा टेकलेल्या माणसाला मागे सरकणं अवघडच जातं, हे तिला घरी गेल्यावर सुचलं. पण तोवर उशीर झाला होता.

ती जवळच्याच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. पुढच्या आठवड्यात तो चष्म्याची गरज नसताना तिथे हजर झाला.

"दिवसभर लोकांच्या पायांकडे बघून नजर गेली असेल," ती म्हणाली.

"आणि तुम्ही दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता... तुमचं काम जास्त धोक्याचं."

"हनुवटी इथे टेकवा. आणि बोलू नका."

तो अख्खी तपासणी संपेपर्यंत बोलला नाही. एवढा आज्ञाधारक माणूस तिने तोवर पाहिला नव्हता.

ती धावणार होती ती तिचे उपचार चालू होते त्याच दवाखान्यासाठी. तिथे येणाऱ्या, फिट येणाऱ्या मुलांच्या औषधांना मदत म्हणून. लोकांना ती हेच सांगायची आणि ते खरंही होतं. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती. ती लहान असल्यापासून आई तिच्यावर नजर ठेवून होती. पोहणं नाही, सायकल नाही, गॅसजवळ एकटीने उभं राहणं नाही. आईचं चुकत होतं असं नाही. आईने तिला दोनदा जिन्यावरून पडताना पाहिलं होतं. तरी तिला एकदा, निदान एकदा, कुणाच्याही नजरेबाहेर जायचं होतं.

पण सराव सुरू झाला तेव्हा रोज सकाळी ती पुढे, आणि मागे स्कूटरवर आई. इतक्या हळू, की तोल शिकणारी मुलंही सायकलवरून पुढे निघून जायची. बूटवाला शेजारी धावायचा. "दुकानाची जाहिरात," असं त्याने तिच्या आईला सांगितलं होतं. तो ज्या रीतीने धापा टाकायचा, ते पाहून कुणी बूट घेतले असते असं वाटत नाही.

तिने त्याला सगळं शिकवलं होतं. "तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. फिट लवकर थांबली नाही तर मात्र ॲम्ब्युलन्स."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते थांबणं कुणाला जमत नाही."

ज्या सकाळी स्कूटर पंक्चर झाली, नेमकी त्याच सकाळी, बागेच्या कठड्यापाशी, तिला फिट आली. माणसं जमली. एका गृहस्थांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, दुसऱ्यांनी पाण्याची बाटली, तिसऱ्यांनी मत. बूटवाल्याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आपलं जाकीट तिच्या डोक्याखाली सारलं, तिला कुशीवर वळवलं आणि तो थांबला.

शुद्धीवर आल्यावर तिने आधी त्याचे डोळे पाहिले... धंद्याची सवय. त्यात दया शोधली. सापडली नाही.

"घाबरलास?" अहो-जाहो रस्त्यातच कुठेतरी गळून पडलं होतं.

"खूप."

बऱ्याच वेळाने, कठड्याला टेकून बसल्यावर ती म्हणाली, "आईला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. तू सांगशील."

"ती सगळं बंद करेल रे."

"करेल कदाचित. मग भांडू आपण. पण लपवून धावायचं असेल, तर शेजारी दुसरा कुणीतरी बघ."

चार-पाच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चष्म्याच्या दुकानात त्या आठवड्यात बऱ्याच लोकांना 'डोळे नीट उघडा' हे जरा जोरात ऐकावं लागलं. मग एका संध्याकाळी तिने आईला सांगितलं. दोघी डॉक्टरांकडे गेल्या. औषध बदललं, सराव थांबला, आणि पुढचे काही महिने सुरळीत गेल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. आई जिना उतरताना एवढंच म्हणाली, "तो शेजारून हलता कामा नये."

मॅरेथॉनच्या दिवशी आईला स्कूटर आणायला मनाई होती. ती दोघं बराच वेळ शेजारी शेजारी धावली. शेवटचा टप्पा दिसू लागला, आणि बूटवाल्याच्या पोटरीत असा गोळा आला की तो रस्त्याच्या कडेला आडवाच झाला.

"मी थांबते."

"जा."

"आईने सांगितलंय..."

"काकूंना मी तोंड देतो. जा तू."

"आणि मला काही झालं तर?"

तो पोटरी धरून तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी तुझ्या दवाखान्यातली नर्स आहे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. मला भीती वाटतेय... खूप. तरी जा."

ती गेली. आधी दोनदा वळून पाहिलं, मग पाहिलं नाही. मागे स्कूटर नव्हती, शेजारी धापा नव्हत्या. फक्त तिचा श्वास होता आणि ओला रस्ता. तो आपला एकटीचा आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा रडू आलं. पाय थांबले नाहीत.

शेवटच्या रेषेपाशी आई टॉवेल घेऊन उभी होती. तिने लेकीच्या मागे पाहिलं.

"तो कुठाय?"

"मागे राहिला."

"म्हणजे तू... एवढं सगळं एकटी?"

"हो."

आई तिचं तोंड पुसत राहिली. नंतर ते कोरडं झालं होतं तरी पुसत राहिली.

दोघांपैकी ॲम्ब्युलन्समधून आला तो बूटवाला. मागचं दार उघडलं तेव्हा तो पाय लांब करून, शरमेने छताकडे बघत पडला होता. ती आत चढून त्याच्याशेजारी बसली.

"पुढच्या वर्षी मी एकटीच धावणार," ती म्हणाली.

"बरं..." त्याचा चेहरा उतरला. "मग माझं काय?"

"धावताना तू नको आहेस मला. बाकी सगळीकडे हवा आहेस."

"बाकी म्हणजे?"

"बाकी म्हणजे बाकी. सगळं उघड करून सांगायला हवं का, आई उभी आहे बाहेर!"

आई उभी होतीच. तिने क्षणभर आत पाहिलं. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाठ फिरवून, अजून कोण कोण धावत येतंय ते बघत राहिली.